पाणी कुठलं, ते आधी ओळखा

प्रिय ताई,

आमची सहा वर्षांची छोटी गाडी आहे. सासऱ्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. गेले दोन पावसाळे पुढच्या डाव्या सीटसमोर, पाय ठेवतो तिथे, पाणी येतं. रोज नाही. चार दिवस कोरडं असतं आणि मग एका सकाळी पाय ठेवला की पचकन आवाज. दोन गॅरेजं झाली. एकाने पुढच्या काचेच्या कडेने सिलिकॉन भरलं, दुसऱ्याने दाराचं रबर बदललं. नऊ हजार रुपये गेले. गाडीत कुबट वास बसलाय, मुलगी आत बसली की शिंकायला लागते. ह्यांचं म्हणणं, विकून मोकळे होऊ. सासरे त्यावर काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून गाडीत बसायचंच टाळतात. गाडी आम्ही घरासमोर रस्त्याच्या कडेला गुलमोहराखाली लावतो, दुसरी जागा नाही. काय करू?

– एक वाचक, सातारा

तुमच्या पत्रातल्या 'रोज नाही, चार दिवस कोरडं असतं' या वाक्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. तुम्ही ते सहज लिहून गेलात, पण दोन्ही गॅरेजवाल्यांपर्यंत हीच गोष्ट पोचली नसावी. काचेतून किंवा दाराच्या रबरातून पाणी येत असेल तर जोराच्या प्रत्येक पावसात यायला हवं. एका पावसात येतं आणि दुसऱ्यात येत नाही, म्हणजे पावसाशिवाय आणखी काहीतरी बदलतंय. ते काय बदलतंय, हे गाडी वापरणाऱ्या घरालाच कळू शकतं. गॅरेजमध्ये गाडी कोरडी जाते, सपाट फरशीवर उभी राहते, संध्याकाळी परत येते. तिथे ते दिसणार कसं?

हे मी एवढं ठामपणे लिहितेय, कारण आमच्या गाडीने आम्हाला तीन पावसाळे असंच छळलं. तीच बाजू, तोच पचकन आवाज. आम्हीही काचेला सिलिकॉन भरून घेतलं होतं. एका गॅरेजने एसीचा पाइप साफ केला, पैसे घेतले आणि 'आता थेंब येणार नाही' असं सांगितलं. पाचव्या दिवशी आलं. माझा नवरा शांत माणूस, पण त्या सकाळी त्याने गाडीचं दार असं आपटलं की समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. घरातली हवाच बदलली होती. कुठे जायचं म्हटलं की आधी गाडीवरून बोलणं आणि मग जाणंच रद्द. ओल्या कार्पेटने घर असं दुभंगू शकतं यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही. तुमचा नक्की बसेल.

आमच्याकडे कोडं सुटलं ते धाकट्या लेकीमुळे. तेव्हा ती चौथीत होती. शाळेत तापमानाची नोंद ठेवायला सांगितलं होतं, त्याच वहीच्या मागच्या पानावर तिने गाडीची नोंद सुरू केली. काल पाऊस पडला का, एसी लावला होता का, गाडी कुठे उभी होती, सकाळी मॅट ओली की कोरडी. सतरा-अठरा दिवस झाल्यावर ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "समोरच्या काकूंच्या फाटकाजवळ लावली की गाडी ओली होत नाही."

आम्ही हसलो नाही, याचा मला आजही आनंद आहे. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, तिकडे लावली की गाडी माझ्या बाजूने उंच असते. उतरताना पाय लटकतो माझा." त्या नेहमी पुढे डावीकडे बसायच्या.

झालं, सगळं त्या दोन वाक्यांत होतं. आमची गल्लीही इतर रस्त्यांसारखीच मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरती. आमच्या बाजूला गाडी लावली की डावी चाकं गटाराकडे, म्हणजे डावी बाजू खाली. गल्ली अरुंद, गाडी वळवायची सोय नाही, त्यामुळे समोर लावताना तोंड तसंच ठेवून नुसती पलीकडच्या कडेला घ्यायचो. मग उजवी बाजू खाली आणि डावी वर. पाऊस तोच, झाड तेच, फक्त गाडीचा कल उलटा.

आता हे पाणी कुठून फिरतं ते सांगते. एकदा समजलं की मेकॅनिकशी बोलताना तुमचं पारडं जड राहील. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या मुळाशी काळी प्लास्टिकची जाळी असते. काचेवरून ओघळणारं सगळं पाणी त्या जाळीतून खालच्या पन्हळीत जातं. पन्हळ गाडीच्या रुंदीभर असते आणि तिच्या दोन्ही टोकांना पाणी बाहेर पडायला भोकं असतात. तिथून ते पुढच्या चाकांच्या मागच्या बाजूने रस्त्यावर पडतं. पंख्याला, म्हणजे ब्लोअरला, बाहेरची हवा घेण्याचं तोंडही याच पन्हळीत उघडतं. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे, म्हणून बहुतेक गाड्यांत ब्लोअर डावीकडे, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे बसवलेला असतो. पन्हळीचं डावं भोक बुजलं आणि गाडी डावीकडे कललेली असली, की पाणी त्या टोकाला तुंबतं, हवेच्या तोंडाची कड ओलांडतं आणि ब्लोअरमधून सरळ डाव्या पायांशी उतरतं. गाडी उजवीकडे कललेली असेल तर तेच पाणी उजव्या, उघड्या भोकातून निघून जातं. आत कोणाला काही कळतही नाही.

आणि भोक कशाने बुजतं? तुमच्या गुलमोहराने. तुमच्या साताऱ्यात १ मेला गुलमोहर दिन साजरा होतो, तेव्हा या झाडाबद्दल वाईट बोलायची माझी छाती नाही, आणि इच्छाही नाही. पण त्याचं पान बघा. एका मोठ्या पानावर शेकडो बारीक पानं, तांदळाच्या दाण्याहून थोडीशीच मोठी. वडाचं किंवा पिंपळाचं पान जाळीवर अडतं, उचलून फेकता येतं. गुलमोहराचं बारीक पान जाळीतून आरामात आत जातं, धुळीत भिजतं, आणि वर्षभरात त्याचा चहाच्या चोथ्यासारखा लगदा होतो.

म्हणून तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय याच भोकावर आहे. तरीही लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढू नका. गाडीत येणारं पाणी चार ठिकाणचं असू शकतं आणि आधी त्याची ओळख पटायला हवी.

एसीचं पाणी पावसावर अवलंबून नसतं. डॅशबोर्डच्या आत थंड होणाऱ्या जाळीवर हवेतली वाफ जमते आणि एका रबरी नळीतून गाडीखाली ठिबकते. दमट दिवसात एसी अर्धा तास चालवून गाडी उभी केली की खाली छोटं थारोळं दिसायलाच हवं. कित्येक जण ते बघून घाबरतात, पण ते नसलं तर खरी काळजी. थारोळं नाही, वळणावर डॅशबोर्डमधून पाणी हिंदकळल्याचा आवाज येतो आणि पाऊस नसतानाही मॅट ओली होते, तर नळी बुजली आहे. गॅरेजमध्ये हे दहा-पंधरा मिनिटांचं काम. घरी कोणी हौसेने खालून टोकदार तार खुपसू नये, आतली जाळी फुटली तर खर्च फार मोठा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जायचं नाही.

दाराचं पाणी वेगळं. पावसाचं पाणी काचेच्या फटीतून दाराच्या पोटात जातंच. ते तसं जावं म्हणूनच दार बनवलेलं असतं आणि खालच्या कडेला त्याला भोकं ठेवलेली असतात. आतल्या पॅडच्या मागे प्लास्टिकचा एक कागद डांबरासारख्या चिकट पट्टीने लावलेला असतो, तो हे पाणी आत येऊ देत नाही. नवे स्पीकर बसवताना तो कागद फाडून तसाच सोडलेला मी दोन गाड्यांत पाहिलाय. तुमच्याकडे स्पीकर किंवा काच वर-खाली करायची मोटर कधी बदलली असेल तर हे लक्षात ठेवा. असं पाणी दाराच्या उंबऱ्याजवळ जास्त असतं, आतल्या कोपऱ्यात कमी.

चौथं कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. त्याला गोडसर वास येतो, बोटाला चिकट लागतं, रंग बहुधा हिरवा, लाल, गुलाबी किंवा निळा असतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि बॉनेटखालच्या बाटलीतली पातळी उतरत जाते. तसं आढळलं तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. ते विषारी असतं, मुलीला हात लावू देऊ नका. तुम्ही 'कुबट' लिहिलंय, गोडसर नाही, म्हणून मी याला शेवटी ठेवलं.

आता रविवारी करायचं काम. त्याआधी गाडी पूर्ण वाळवा, नाहीतर कोणतीही परीक्षा खोटी ठरेल. कार्पेटच्या खाली नमद्यासारखा जाड थर असतो आणि तो कित्येक लिटर पाणी धरून बसतो. वरून हात लावला तर कोरडं, तळव्याने दाबलं तर पाणी वर. तुमचा कुबट वास तिथे आहे. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी सहसा ओढून निघते, मग कार्पेटचा कोपरा उचलून खाली लाकडाचा ठोकळा सरकवा, वर्तमानपत्रं कोंबा, दार उघडं ठेवून टेबलफॅन लावा. दोन-तीन दिवस लागतील, कागद सारखे बदलावे लागतील. सीटखाली पिवळी वायर-जोडणी दिसली तर तिला हात लावायचा नाही, ती एअरबॅगची असते. आणि वासावर डांबरगोळ्या किंवा अत्तराची बाटली हा उपाय नको. बंद गाडीत डांबरगोळ्यांची वाफ शिंकणाऱ्या मुलीला आणखी त्रास देईल आणि ओल तिथेच राहील.

गाडी वाळली की डॅशबोर्डचा कप्पा काढून आतला एअर फिल्टर बघा. काही स्वस्त मॉडेलमध्ये तो नसतोच, पण असला तर तो सगळं सांगतो. ओला, डागाळलेला, वर बारीक पानं पडलेली, तर पाणी पन्हळीतून येतंय. कोरडा असेल तर एसीची नळी किंवा दार.

त्यानंतर मगाने पाणी ओतून करायची परीक्षा. पाइपचा फवारा नको, गाडी धुण्याचं प्रेशरचं पाणी तर मुळीच नको. त्याने जिथे कधी पाणी जात नाही तिथेही ते शिरतं आणि तुम्ही भलत्या वाटेला लागता. गाडी नेहमीच्या जागी, नेहमीच्या कलानेच उभी हवी, इंजिन आणि ब्लोअर बंद. एकाने टॉर्च घेऊन आत डाव्या बाजूला वाकून बसायचं. दुसऱ्याने काचेच्या उजव्या कोपऱ्यात, जाळीवर, सावकाश मग ओतायचा. तिसऱ्याने चाकामागे बघायचं, पाणी पडतं का आणि किती वेळात पडतं. मग डावीकडे तसंच. दारावर मात्र सगळ्यात शेवटी पाणी टाका, मधे दहा मिनिटं थांबून. सगळीकडे एकदम ओतलं तर काहीच कळणार नाही.

आमच्याकडे उजवीकडे पहिला मग ओतताच चाकामागे धार लागली. डावीकडे पहिला मग, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला नवरा म्हणाला, "कुठे जातंय हे?" आणि चौथ्या मगाला आत बसलेली लेक ओरडली, "आलं, आलं! पंख्यातून येतंय!" तीन वर्षांत पहिल्यांदा ते पाणी येताना आम्ही डोळ्यांनी पाहिलं. आत पाणी येतंय म्हणून टाळ्या वाजवणारं घर मी तोवर पाहिलं नव्हतं.

जाळीच्या कडेच्या क्लिप काढून ती थोडी उचलली. आमच्या गाडीत त्यासाठी वायपरही काढावे लागले. सगळ्याच गाड्यांत ते सोपं नसतं, जमणार नाही असं वाटलं तर ओळखीच्या मेकॅनिकला त्या दिवशी घरीच बोलवा आणि परीक्षा त्याच्यासमोर करा. डाव्या टोकाला हात घातला तर मूठभर काळा लगदा. काही गाड्यांत भोकाला रबरी चोच असते, तिचे ओठ गाळाने चिकटतात. ती खालून दोन बोटांनी दाबली की उघडते. आमची दाबताच आत तुंबलेलं पाणी भस्सकन नवऱ्याच्या कोपरापर्यंत आलं. सासूबाई गेटपाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी आत जाऊन खोबऱ्याची वडी आणली आणि पहिली वडी वहीवाल्या मुलीच्या हातावर ठेवली.

खर्च किती झाला म्हणाल तर नवा फिल्टर, चार-पाचशे रुपये. भिजून भिजून ब्लोअर कुरकुरत होता, तो वाळल्यावर सुधारला. तुमचा सुधारला नाही तर तो दाखवून घ्या. पाण्याने तो हळूहळू खराब होतो आणि तळाचा पत्राही गंजतो, म्हणून हे काम पुढच्या पावसाळ्यावर ढकलू नका.

पुढे ते बुजू नये यासाठी झाडावर कुऱ्हाड चालवायची गरज नाही. पावसाळ्याआधी मे महिन्यात एकदा आणि पावसाळाभर दर पंधरा दिवसांनी, जाळी बाहेरून मऊ ब्रशने झाडायची आणि दोन्ही बाजूंना एकेक मग पाणी ओतून चाकामागे धार पडते का बघायचं. पाच मिनिटांचं काम. गाडी धुताना पानं काचेवरून खाली जाळीत लोटली जातात, ती सवय मात्र सोडा. आधी पानं कोरडीच झाडून घ्या.

आता बाबांबद्दल. मला गाडीपेक्षा तीच ओळ जास्त लागली. नोकरी संपताना हातात आलेल्या पैशातून माणूस गाडी घेतो, ती सगळ्यांना एकत्र कुठेतरी नेता यावं म्हणून. ती 'विकून मोकळे होऊ' हे तुमच्या यजमानांनी वैतागून म्हटलं असेल, त्यात खोट नव्हती. पण ऐकणाऱ्याला ते आपल्या निर्णयावरचं बोट वाटलं असणार. आणि या दोषात त्यांचा काडीचा दोष नाही, गाडीचाही नाही. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या कुठल्याही गाडीचं हेच होऊ शकतं. नवी घेतलीत तरी ती त्याच गुलमोहराखाली, त्याच कलावर उभी राहणार आहे. यजमानांना एवढंच सांगा, विकायचं की नाही ते परीक्षेनंतर ठरवू. कुबट वासाच्या गाडीला तसाही भाव येत नाही.

बाबांना मात्र 'तुम्ही आराम करा' म्हणू नका. त्यांना विचारा. सहा वर्षं गाडी त्यांनी पाहिली आहे. ती कुठल्या सकाळी ओली होती, आदल्या रात्री कुठे लावली होती, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवेल अशी माझी अटकळ आहे. वही त्यांच्या हातात द्या. मुलीला टॉर्च, यजमानांना मग आणि चाकामागे बघायला तुम्ही. यजमानांनी कुरकुर केली तर करू द्या, पहिल्या मगानंतर तेच सगळ्यात पुढे असतील.

एक अडचण येऊ शकते. पन्हळ साफ निघाली, दोन्हीकडे धार लागली, तरी आत पाणी आलं. मग दार आणि मग एसी, याच क्रमाने जा, आणि सापडेपर्यंत सिलिकॉनची नळी घरात आणू नका. काचेला आधी भरलेलं सिलिकॉन जाळीच्या कडेवर ओघळून भोकाकडे गेलेलं नाही ना, तेही एकदा बोटाने चाचपून बघा. आमच्याकडे थोडं गेलं होतं.

काम झालं की त्या रात्री कार्पेटवर वर्तमानपत्राचं एक पान पसरून ठेवा. सरी पडू द्या. सकाळी पान उचलायला बाबांना पाठवा आणि ते आत येईपर्यंत कोणी काही विचारू नका.